तदनुषंगिक बाबी

७ जुलै २०२५, सोमवार. सकाळी ७.४०

बॅनर लागला. शाळेच्या गेटसमोर, दोन खांबांच्या मध्ये. "परशुराम म्हात्रे यांच्या अथक पाठपुराव्याला यश! शाळेतील मुलींच्या नवीन स्वच्छतागृहास पालिकेची मंजुरी." खाली गॉगल लावून हात जोडलेला परशुराम. त्याच्या खाली सव्वीस शुभेच्छुक. त्यातले चार माझ्या ओळखीचे आहेत आणि चौघांनाही शाळा कुठल्या बाजूला आहे ते माहीत नाही.

माझं नाव नाही. पुन्हा वाचला. रस्ता ओलांडून लांबून वाचला. चष्मा पुसून वाचला. नाही.

२२ एप्रिलला अर्ज कोणी दिला? मी. तीन पानी. आवक क्रमांक ११४७. तीस वर्षं सरकारी कार्यालयात आवक-जावक शाखा सांभाळलेल्या माणसाचा अर्ज होता तो. तो वाचून पालिका हलली. आणि फोटो कोणाचा? गॉगलवाल्याचा.

मी रागावलेलो नाही. फक्त सूड घ्यायचा आहे, आणि तो शांतपणे घ्यायचा आहे.

७ जुलै, दुपारी

मायाला बॅनरचं सांगितलं. माया त्याच शाळेत शिकवते. पाचवी ते सातवी, गणित आणि विज्ञान. शाळेतलं जुनं स्वच्छतागृह दोन वर्षांपासून बंद आहे, छत पडलंय. माया मधल्या सुट्टीत घरी येऊन जाते. सात मिनिटं यायला, सात जायला. मुलींना तेही नाही. आमच्या तळमजल्यावरची संचिता सातवीत आहे, ती सकाळी पावणेआठपासून साडेबारापर्यंत पाण्याचा घोट घेत नाही. म्हणूनच एप्रिलमध्ये माया म्हणाली होती, अहो, तुम्हीही एक अर्ज टाका की, तुमचं अक्षर चांगलं आहे.

मला वाटलं बॅनरचं ऐकून ती संतापेल. तर म्हणते, नाव कोणाचं का असेना, दाराला आतून कडी लागली की झालं.

ती भोळी आहे. सूड मलाच घ्यावा लागणार.

८ जुलै, मंगळवार

पाणी नाही. हे कालच कळलेलं. दर सोमवारी मोबाइलवर प्रभागाचा अपडेट येतो, त्यात तीन गोष्टी असतात. पाणी: मंगळवारी बंद. घरकुल: सोडतीतील घरांचा ताबा लवकरच (गेले चौदा महिने लवकरच). शाळा: मुलींच्या स्वच्छतागृहाचे काम पुढील आठवड्यात सुरू. कोणाच्या अर्जावरून, ते लिहीत नाहीत. नाव न लिहिण्याची ही जुनी खोड मला चांगली माहीत आहे, मीही लिहीत नसे.

निश्चय. परशुरामशी बोलायचं नाही. परशुरामच्या घरावरून जायचं नाही.

९ जुलै, बुधवार

परशुरामचं घर शाळेच्या बरोबर समोर आहे आणि स्टेशनचा रस्ता तिथूनच जातो. मागच्या गल्लीने गेलो. अकरा मिनिटं जास्त लागली, शिवाय एक कुत्रं आहे.

निश्चयात दुरुस्ती. समोरूनच जायचं, पण बघायचं नाही.

१० जुलै, गुरुवार

प्रभाग कार्यालयात गेलो. आवक खिडकीवर प्रियांका म्हणून मुलगी असते. हुशार आहे, मला काका म्हणते. म्हटलं, ११४७ चं काय झालं बघ. तिने बघितलं. म्हणाली, काका, तुमचा अर्ज म्हात्रेंच्या फाइलला जोडलाय.

जोडलाय! माझा अर्ज त्याच्या फाइलला! मी तीस वर्षं दुसऱ्यांचे अर्ज जोडत आलो, पण मला कोणी जोडलं नव्हतं. प्रियांका म्हणाली, त्या फाइलला अजून एका मॅडमचा जाड गठ्ठा पण आहे, बघायचाय का काका? मी नाही म्हटलं. लोकांच्या अर्जात डोकावायची मला सवय नाही.

घरी येताना परशुराम दारात उभा होता. जय भीम गमरे साहेब, जेवलाव का, म्हणाला. न बघता जात होतो, पण मान आपोआप हलली. यापुढे मानेवरही लक्ष ठेवायचं.

११ जुलै, शुक्रवार

जेवण अडीचला. दर शुक्रवारचं हेच. शाळा साडेबाराला सुटते, सात मिनिटांचा रस्ता, आणि बाई अडीचला येतात. विचारलं तर कामं असतात म्हणते. शाळेत इतकी कसली कामं? कोणीतरी तिच्या चांगुलपणाचा फायदा घेतंय. परशुरामचं निपटलं की हे प्रकरण हातात घेणार.

१४ जुलै, सोमवार

काम सुरू झालं. खडी, रेती, चार माणसं. परशुराम खुर्ची टाकून बसला. मी गेटबाहेरून पाहणी केली.

योजना ठरली. परशुरामचं नाव ज्या कामाला लागलंय, ते कामच निकृष्ट ठरवायचं. चौकशी बसली की लोक विचारतील, हे उघडकीला आणलं कोणी? तेव्हा माझा बॅनर लागेल. "रवींद्र धोंडिबा गमरे यांच्या पाठपुराव्याला यश!" परशुरामसारखा बारा बाय आठ नाही. चौदा बाय दहा.

१५ जुलै, मंगळवार

पाणी नाही. पहिला अर्ज लिहिला. विषय: रेतीच्या दर्जाबाबत. रेती चिमटीत घेऊन बघितली होती, खिशात आणली, मायाने पँट धुवायला टाकली. पुरावा गेला. अर्जात "प्रथमदर्शनी" हा शब्द टाकला, मग पुरावा लागत नाही.

१७ जुलै, गुरुवार

अर्ज दाखल. तिथून फ्लेक्सवाल्या सर्वेशकडे. त्याला सगळं समजावलं. वर माझं नाव, मग पाठपुराव्याला यश, आणि यश कशात आलं ती जागा मोकळी ठेव. ते पुढे कळेल. सर्वेश म्हणाला, टेन्शन नाही काका, तुम्ही फक्त फोन करा, आपल्या कोपर गावातले सगळे बॅनर मी अपडेट बघूनच बनवतो.

फोटोचा प्रश्न आला. माझा चांगला फोटो एकच, निवृत्तीच्या दिवशीचा, हातात नारळ आणि शाल. सर्वेश म्हणाला, नारळ काढून हात जोडतो. काढला. आता मी कोणाचे तरी हात जोडून उभा आहे. बोटात अंगठी आहे. असो, लांबून कळणार नाही.

२९ जुलै, मंगळवार

पाणी नाही. सकाळीच परशुरामच्या घरून भलामोठा जिताडा आला. खाडीत मिळाला, आणि श्रावण लागलाय, आमच्यात आता चालत नाय, साहेबांना द्या, असा निरोप.

शत्रूचा मासा परत पाठवावा असं माझं स्पष्ट मत होतं. माया म्हणाली, पाठवा, तुम्हीच घेऊन जा. एवढा मासा हातात घेऊन त्याच्या दारात जायचं म्हणजे बोलणं आलं. बोलायचं नाही हा निश्चय. म्हणून ठेवून घेतला. कालवण चांगलं झालेलं. तीन तुकडे खाल्ले, पण मनात राग ठेवूनच.

दुपारी दुसरा अर्ज लिहिला. विषय: लाद्या निसरड्या असल्याबाबत.

१ ऑगस्ट, शुक्रवार

जेवण पावणेतीनला.

११ ऑगस्ट, सोमवार

अपडेट. पाणी: मंगळवारी बंद. घरकुल: लवकरच. शाळा: स्वच्छतागृहाचे काम ७५ टक्के पूर्ण.

पंचाहत्तर! चार अर्ज झाले तरी काम चालूच. भिंती झाल्या, लाद्या लागल्या. संचिता जिन्यात भेटली, म्हणाली, काका, आतमध्ये आरसा पण लावणार आहेत. तिला सांगितलं, आरशावर जाऊ नकोस, हे सगळं निकृष्ट आहे. ती म्हणाली, पण काका, दरवाजे पण येणार आहेत, हिरव्या रंगाचे, मॅडमनी सांगितलं.

लहान मुलांना असं भुलवणं बरं नव्हे. पाचवा अर्ज: आरशाच्या आवश्यकतेबाबत.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

शाळेत झेंडावंदन. परशुराम पुढच्या खुर्चीत, मी तिसऱ्या रांगेत. माया स्टेजवर. परशुरामला चार शब्द बोलायला लावलं. म्हणाला, बॅनरवर माझा फोटो आहे पण खरा पाठपुरावा ज्याने केला तो माणूस वेगळाच हाय, इथेच बसलाय, नाव घेतलेलं त्याला आवडत नाय. आणि आमच्या बाजूला बघून हसला.

मला चिडवतोय. भर सभेत. तीनशे मुलांसमोर. मी मान ताठ ठेवली. स्टेजवर माया खाली बघत होती, तिलाही माझा अपमान सहन झाला नसणार.

आता दया नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

सहावा आणि सातवा अर्ज एकदम. प्रियांकाने शिक्के मारले आणि म्हणाली, काका, एक सांगू का, राग नका मानू. एवढ्या तक्रारी आल्या ना, तर साहेब कामच थांबवतील. मी म्हटलं, मला काम नाही थांबवायचं, परशुरामला थांबवायचंय. ती म्हणाली, काका, फाइल एकच आहे ना.

पोरगी नवी आहे. आमच्या कार्यालयात तिसरी तक्रार आली की फाइल कपाटात जायची हे खरं. मी स्वतः ठेवायचो. पण ते आमचं कार्यालय होतं.

१ सप्टेंबर, सोमवार

अपडेट. पाणी: मंगळवारी बंद. घरकुल: लवकरच. शाळा: काम ९० टक्के पूर्ण, दरवाजे व नळजोडणी शिल्लक, लोकार्पण १० सप्टेंबर रोजी.

लोकार्पण! फीत, नारळ, पेढे, भाषणं, आणि मधोमध गॉगल. त्यानंतर निवडणूक आली की हा निवडून येणार, आणि मी पुढची पाच वर्षं त्याच्या सहीचे दाखले आणायला जाणार. मरेन पण होऊ देणार नाही.

३ सप्टेंबर, बुधवार

दिवसभर नववा अर्ज लिहिला. (आठवा मसुदा म्हणून ठेवलाय.) हा अर्ज म्हणजे माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम लेखन आहे. गाभा असा:

"सबब, विषयांकित कामाच्या लोकार्पणास व तदनुषंगिक बाबींस चौकशीअंती निर्णय होईपर्यंत तूर्तास स्थगिती मिळावी, ही विनंती."

"तदनुषंगिक बाबी" हे माझं खास. तीस वर्षांत एकही पत्र त्याशिवाय बाहेर पाठवलं नाही. परगावी बदली झालेले साहेब अजून फोन करून विचारतात, गमरे, ते तुमचं काय ते. त्या दोन शब्दांनी पत्राला वजन येतं. इथे त्याचा अर्थ फीत, पेढे, मंडप, माइक, परशुराम. काही म्हणजे काही सुटता कामा नये.

४ सप्टेंबर, गुरुवार

दाखल. आवक क्रमांक ३०१२. प्रियांकाने अर्ज वाचला, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वाचला. काका, तदनुषंगिक म्हणजे नक्की काय काय, असं विचारलं. म्हटलं, बेटा, जे जे जोडून येतं ते सगळं. तिने शिक्का मारला. जरा हळू मारला असं वाटलं.

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळी ९.१५

यश!!

अपडेट. पाणी: मंगळवारी बंद. घरकुल: लवकरच. शाळा: "प्राप्त अर्जाच्या अनुषंगाने मुलींच्या स्वच्छतागृहाचे लोकार्पण व तदनुषंगिक बाबी तूर्तास स्थगित."

माझे शब्द! जसेच्या तसे! तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या सहीखाली लिहीत आलो, आज पालिकेने माझं वाक्य अख्ख्या प्रभागाला पाठवलं. एक हजार चारशे लोकांनी बघितलंय. दोघांनी अंगठा दाखवलाय. तिसरा मी.

सर्वेशला फोन केला. म्हटलं, जागा भर, आजचा अपडेट जसाच्या तसा टाक, एक अक्षर बदलू नको, आणि उद्या सकाळी लाव, परशुरामच्या बॅनरसमोर. तो म्हणाला, काका नक्की ना? म्हटलं, नक्की म्हणजे नक्की.

८ सप्टेंबर, दुपारी

माया आली. हातपाय धुतले, जेवायला वाढलं. ताटात पिठलं-भात, बाकी काही नाही. मग अगदी साधेपणाने विचारलं, अहो, तदनुषंगिक म्हणजे काय हो?

मला बरं वाटलं. बत्तीस वर्षांच्या संसारात तिने माझ्या कामातलं पहिल्यांदाच काही विचारलं. सांगितलं, जे जे मूळ कामाला जोडून येतं ते सगळं.

दरवाजे?

म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या, हो, येतात.

नळ?

येतो.

कडी?

म्हटलं, दरवाजाच आला म्हणजे कडीही त्यात आलीच, पण माझा रोख पेढ्यांवर होता.

ती ताट उचलून आत गेली. तिचं जेवण झालं नव्हतं. दरवाजे घेऊन आलेला टेम्पो सकाळी गेटवरून परत पाठवला, असं आतून म्हणाली. हिरवे होते, म्हणाली.

९ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ७.४०

पाणी नाही.

बॅनर लागला. "श्री. रवींद्र धोंडिबा गमरे यांच्या अथक पाठपुराव्याला यश! मुलींच्या स्वच्छतागृहाचे लोकार्पण व तदनुषंगिक बाबी तूर्तास स्थगित." खाली मी, अंगठीवाले हात जोडून. शुभेच्छुक: समस्त कोपरवासी.

पुन्हा वाचला. रस्ता ओलांडून लांबून वाचला. चष्मा पुसून वाचला. नाव आहे.

सातवीच्या मुली गेटवर उभ्या राहून मोठ्याने वाचत होत्या. संचिताने माझ्याकडे बघितलं आणि मैत्रिणींना काहीतरी सांगितलं. सगळ्या आत गेल्या. कोणी हसलं नाही. मला वाटलेलं निदान हसतील तरी.

परशुराम बाहेर आला. आता चिडणार म्हणून मी तयार होतो, दोन वाक्यं पाठ केलेली. तर म्हणतो, साहेब, फोटो झकास आलाय हां. वाक्यं तशीच राहिली.

११ सप्टेंबर, गुरुवार

माया मधल्या सुट्टीत घरी येत नाही. काल नाही, आज नाही. म्हणजे राग. पण मग ती जाते कुठे?

जाऊन बघितलं. परशुरामच्या घरी! त्याच्या पडवीत मुलींची रांग, चाळीस-पन्नास तरी असतील. परशुरामची आई गंगुबाई न्हाणीघराच्या दाराशी स्टूल टाकून बसलेली, एकेक या गो पोरींनो, कडी नीट लावा, कोन हसली तर बघा, असं चाललेलं. रांगेच्या शेवटी माया.

लक्षात आला डाव. मतं मिळवायची ही रीत. परशुराम फार लांबचा विचार करतो. मुली अकरा-बारा वर्षांच्या आहेत, पण आणखी सहा-सात वर्षांनी मतदार होणारच.

१६ सप्टेंबर, मंगळवार

पाणी नाही. संचिता तीन दिवस दिसली नाही. तिची आई जिन्यात भेटली. विचारलं, बरं नाही का पोरीला? ती म्हणाली, बरी आहे, पण त्या चार दिवसांत शाळेत नको म्हणते. मुलींची रांग मोठी असते, उशीर झाला की लोकांच्या घरात किती वेळ थांबायचं, तिला लाज वाटते. तुमचं स्वच्छतागृह झालं असतं तर गेली असती.

तुमचं, म्हणाली. मी वर आलो. चहा केला. प्यायलो नाही.

यात परशुरामची चूक आहेच. त्याने बॅनरवर माझं नाव टाकलं असतं तर इतकं झालंच नसतं. हे मी मायाला सांगायला गेलो. ती वह्या तपासत होती. तिने वर बघितलं आणि मी सांगितलं नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

अर्ज क्रमांक दहा. विषय: माझे यापूर्वीचे अर्ज मागे घेण्याबाबत. एकच पान.

प्रियांका म्हणाली, काका, मागे घेता येतात, पण चौकशी बसलीये. आता मागे घेण्याचीही चौकशी होईल. मी विचारलं, किती दिवस? म्हणाली, तुम्हाला माहीत आहे की काका, तुम्ही याच खात्यातले. खरं आहे. मी याच खात्यातला.

मग तिने फाइल काढली. म्हणाली, बसा, बघा एकदा. सगळ्यात वर परशुरामचं एक पत्र, चार ओळी. खाली माझे नऊ, बरेच जाड. आणि त्याखाली गठ्ठा. मी उघडला.

अक्षर ओळखीचं. दोन वर्षांतली एकसष्ट पत्रं. प्रत्येक पत्राची तारीख शुक्रवारची. प्रत्येक पत्र दोन ओळींचं. "शाळेत एकशे बेचाळीस मुली आहेत. स्वच्छतागृह बंद आहे. कृपया चालू करावे." पुढे फक्त मुलींची संख्या बदलते. एकशे बेचाळीस, एकशे एकोणचाळीस, एकशे चौतीस, एकशे सव्वीस. सही: माया रवींद्र गमरे, सहशिक्षिका.

प्रियांका म्हणाली, म्हात्रेंचं पत्र पण मॅडमनीच लिहून दिलेलं. नाव तुमचं टाका म्हणाल्या, तुमचं वजन आहे, काम लवकर होईल.

घरी आलो. शुक्रवारी जेवायला उशीर का होतो हे प्रकरण बंद.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

जेवण अडीचला. भात मी लावून ठेवलेला. जरा करपला.

२४ सप्टेंबर, बुधवार

माझा बॅनर गेला! चोरी! थेट पोलिसात जाणार होतो. आधी शाळेत बघून येऊ म्हटलं.

बॅनर आत आहे. नव्या स्वच्छतागृहाला दरवाजे नाहीत, म्हणून गंगुबाईंनी तो खांबावरून उतरवून दाराच्या चौकटीवर दोरीने पडद्यासारखा लावलाय. पहिल्या दाराला मी, दुसऱ्या दाराला परशुराम. पाणी बादल्यांनी, परशुरामच्या घरून. मुख्याध्यापिका म्हणाल्या, पडदा तदनुषंगिक बाबीत येत नाही, तात्पुरता आहे.

मुली म्हणाल्या आतून माणसं बघतात असं वाटतं, म्हणून छापील बाजू बाहेर ठेवलीये. म्हणजे मैदानातून आत येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्यांदा मीच दिसतो. हात जोडून. पाठपुराव्याला यश.

फ्लेक्स परत मागावा का? कायद्याने माझा आहे. अर्ज लिहायला घेतला. "विषय:" पर्यंत लिहिलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

अपडेट. पाणी: मंगळवारी बंद. घरकुल: लवकरच. शाळा: "लोकार्पणावरील स्थगिती उठविण्यात येत आहे. तदनुषंगिक बाबींबाबत निर्णय चौकशीअंती."

म्हणजे फीत, पेढे, मंडप, माइक, परशुराम, सगळं चालू. दरवाजे, कडी, नळ बंद. मी ज्याच्यासाठी तो शब्द लिहिला ते सगळं सुटलं आणि बाकी सगळं त्यात अडकलं. इतक्या वर्षांत त्या शब्दाने मला कधी दगा दिला नव्हता.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

लोकार्पण झालं. जाणार नव्हतो. मागे उभा राहिलो.

फीत बांधायला दरवाजा नव्हता. परशुराम माइकवर म्हणाला, फीत नको, पडदाच सरकवू. आणि तो मी नाय सरकवणार, गमरे मॅडम सरकवतील. दोन वर्षं दर शुक्रवारी पालिकेत कोण जात होतं ते आता सांगतोच, मग मॅडम रागावल्या तरी चालतील. आणि त्याने सांगितलं. एकसष्ट पत्रं. टाळ्या थांबेनात. पुढच्या रांगेत संचिता उभी राहून वाजवत होती.

मायाने पडदा धरला आणि बाजूला ओढला. आधी माझा जोडलेला हात दुमडला, मग नाव, मग चेहरा. "पाठपुराव्याला" एवढंच बाहेर राहिलं.

पेढे वाटले. परशुरामने मला स्वतः आणून दिला. खाल्ला.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळी बाजारात जाऊन पितळेची कडी आणली. चांगली, जड, आतून लावायची. स्क्रू आणि पेचकस पिशवीत टाकले. कोणाच्या परवानगीची वाट बघणार नाही, बसवूनच येणार, असा निश्चय.

मधल्या सुट्टीत पोचलो. गंगुबाईंनी गेटवरच अडवलं. पोरी आत हायेत, बापया मानसाने इकडं यायचं नाय. आतून कोणीतरी ओरडलं, अगं संचिता, गमरे काकांना नीट ओढून घे ना, वाऱ्याने उडतायत! संचिता ओरडली, ओढलं, पण राहत नाहीत!

हात वर करून मी इथे आहे म्हणणार होतो. मग कळलं.

माया बाहेर आली. पिशवीत काय आहे विचारलं. कडी दाखवली. तिने हातात घेतली, उघडून मिटून बघितली, नीट बसतेय का ते बघितलं. चांगली आहे, म्हणाली. मग म्हणाली, पण पडद्याला कडी कुठे लावणार हो तुम्ही?

ती तासाला गेली. मी कडी घेऊन घरी आलो.